मिक्स मार्शल आर्ट्सचे पहिले तीन महिने: कुठला टप्पा आधी, कुठला नंतर

आमच्या क्लासला दरवर्षी नवी मुलं येतात. कोणी येळ्ळूर-कंग्राळीच्या तालमीत घाम गाळून आलेला असतो, कोणी शाळेत कराटेचे दोन-तीन पट्टे मिळवलेला, तर कोणी खानापूरहून रोज बसने येणारा, ज्याने लढती फक्त मोबाईलवर बघितल्यात. चूक मात्र तिघांची एकच. पहिल्या आठवड्यात गळा आवळायचे डाव शिकायचे असतात, दुसऱ्या आठवड्यात "सर, आज स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) खेळूया की" सुरू होतं आणि दुसऱ्या महिन्यात खांदा नाहीतर गुडघा धरून घरी बसायची वेळ येते.

मी स्वतः तालमीतून इकडे आलो. आता नव्या मुलांचा गट माझ्याकडे असतो. ठोसे, लाथा, कुस्ती, ज्युदो, जिउ-जित्सू हे सगळं इथे एका मॅटवर शिकवतात. यातला प्रत्येक प्रकार वेगळा येत असला तरी लढत येतेच असं नाही. ठोशातून पकडीत जाताना आणि पकडीतून जमिनीवर येताना जो सांधा असतो, तिथेच माणूस सापडतो. तो सांधा शिकायच्या आधी पडायला आणि थांबायला शिकावं लागतं. म्हणून खालचा क्रम आहे तसाच धरा.

१. फी भरायच्या आधी दोन दिवस नुसतं बसून बघा

बेळगाव शहरात असो की निपाणी-चिकोडीकडे, क्लास निवडताना भिंतीवरची पदकं बघू नका. नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय करायला लावतात ते बघा. त्याला कोपऱ्यात पडण्याचा सराव दिला जात असेल तर जागा चांगली. त्याला लगेच जुन्या पोरासमोर ग्लोव्ह्ज घालून उभं केलं तर तिथून उठा.

आणखी तीन गोष्टी तपासा. मॅटच्या जोडांत फटी नाहीत ना, कारण पायाचं बोट तिथेच अडकतं. क्लास संपल्यावर मॅट जंतुनाशकाने पुसतात का. आणि कोणी टॅप केल्यावर, म्हणजे थाप मारून हार मानल्यावर, समोरचा त्याच क्षणी सोडतो का, की सरांनी ओरडायची वाट बघतो. ही तिसरी गोष्ट सर्वात मोठी. ज्या क्लासमध्ये जुनी मुलं टॅप झाल्यावर आणखी एक पीळ देतात, तिथे सर कितीही जाणकार असोत, तुमचं शरीर सुरक्षित नाही.

वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची भरा आणि बघा.

२. शरीराची तयारी: क्लासच्या आधीचे तीन आठवडे

दमा, फिट येणे, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास, डोळ्याची शस्त्रक्रिया, पूर्वी निखळलेला खांदा, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग सरांना स्वतःहून सांगा. लपवून आलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांचा खांदा दुसऱ्यांदा निखळतो तेव्हा समोरच्यालाही आयुष्यभर वाईट वाटत राहतं.

तालमीतल्या मुलांना जोर-बैठका पुरेशा आहेत. इतरांनी एक दिवसाआड १५ मिनिटं दोरीवरच्या उड्या, बैठका, जोर आणि शेवटी मानेचा हलका व्यायाम करावा. मानेचा व्यायाम म्हणजे कपाळाला हात लावून डोक्याने हाताला ढकलायचं, मान हलू द्यायची नाही. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना, प्रत्येकी १० सेकंद. डोक्यावर पूल (डोकं आणि पाय टेकून कंबर वर उचलणं) करायची घाई करू नका. तो वस्तादांच्या देखरेखीखाली महिनोन् महिने चढवत न्यायचा व्यायाम आहे.

जेवण आणि क्लास यांच्यात दोन-अडीच तास ठेवा. मधे भूक लागली तर एखादं केळं. भाकरी, मटकीची उसळ, अंडी, दूध एवढ्यावर पहिलं वर्ष उत्तम निघतं, डब्यातल्या पावडरीची गरज नाही.

३. सामान: एकदम घेऊ नका

पहिल्या दिवशी लागतं ते इतकंच: खिसा, चेन किंवा बटण नसलेली चड्डी, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट किंवा रॅशगार्ड (कातडी घासू नये म्हणून घालायचा ताणणारा शर्ट), पाण्याची बाटली, स्वतःचा टॉवेल आणि मॅटबाहेर घालायला चप्पल. पहिल्या महिन्यात हँडरॅप (ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी), दातांचा गार्ड आणि मुलांसाठी लंगोटाखालचा कडक गार्ड. बॅगवर मारायला १० किंवा १२ औंसाचे ग्लोव्ह्ज चालतात. स्पॅरिंगसाठी मोठ्या माणसाला १६ औंसाचे घ्यावेत, ते तिसऱ्या महिन्यात. नडगीचे गार्डही तेव्हाच.

दातांचा गार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवला की तो आकसतो आणि फुकट जातो. बसवल्यावर तोंड उघडा. वरच्या दातांना चिकटून राहिला तर बरोबर, खाली पडला तर पुन्हा बसवा.

हँडरॅप बांधणं दहातली आठ मुलं चुकवतात, म्हणून ते नीट सांगतो. पट्टी १८० इंची घ्या, म्हणजे साधारण साडेचार मीटर.

बोटं पूर्ण फाकवा आणि पट्टी होईपर्यंत तशीच ठेवा. अंगठ्यात फास अडकवून पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या. मनगटाला तीन वेढे. तिथून वर येऊन बोटांच्या मुळाशी, म्हणजे ठोसा लागतो त्या हाडांवर, तीन वेढे. मग मनगटाकडून येऊन करंगळी आणि अनामिकेच्या मधून एक फेरी, पुढच्या दोन बोटांमधून एक, त्यानंतरच्या दोन बोटांमधून एक. एक वेढा अंगठ्याला. उरलेली पट्टी पुन्हा हाडांवर आणि शेवट मनगटावर.

*तपासा:* मूठ वळल्यावर पट्टी घट्ट वाटली पाहिजे आणि मूठ उघडल्यावर सैल. बोटांची टोकं निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर सोडून परत बांधा. मूठ वळून बांधलेली पट्टी हमखास सैल होते.

४. पहिले दोन आठवडे: पडणं आणि टॅप करणं

हे दोन आठवडे कंटाळवाणे वाटतात. तरीही माझं ऐका आणि यातला एक दिवसही कमी करू नका.

मागे पडायचा सराव उकिडवं बसून सुरू करा. हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करा, ढुंगण टाचेजवळ टेकवा आणि मागे लोळा. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली, शरीरापासून साधारण ४५ अंशांवर मॅटवर आपटा आणि श्वास बाहेर सोडा. नीट जमलं की अर्ध्या बैठकीतून, मग उभं राहून. त्यानंतर एका कुशीवर पडणं.

*तपासा:* हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरा. पडताना रुमाल निसटला तर डोकं मागे जातंय. अशा वेळी उभ्याने पडायचा सराव करू नका.

*सावधान:* पडताना हात मागे टेकवू नका. मनगट, कोपर आणि खांदा यातलं काहीतरी एक जातंच. तालमीतल्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं: हौद्यातली माती पायाखाली सरकते, मॅट पाय धरून ठेवते. मातीत घ्यायची तशी गिरकी मॅटवर घेतली की पाऊल जागेवर राहतं आणि गुडघा फिरतो. पायाची नखं कापलेली हवीत, आणि वळताना टाच उचललेली.

आता टॅप. समोरच्याच्या अंगावर, त्याला जाणवेल अशी, दोन-तीनदा थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर आपटायचं आणि तोंडानेही सांगायचं. आमच्या मॅटवर मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात. कोणी "बस" म्हणतो, कोणी "साकु". पण पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवर पाऊस कोसळत असताना कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून थाप अंगावरच मारा. सराव सुरू करताना मात्र जोडीदाराला "सावकाश" म्हणा, हा शब्द आपल्याकडच्या कन्नड बोलणाऱ्यालाही कळतो.

टॅप करायचा तो दुखायला लागायच्या आधी. कोपर ताणलं जातंय असं वाटलं की लगेच. पायाचे काही डाव, विशेषतः टाच धरून पिळायचे, असे असतात की दुखेपर्यंत गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असतो. पहिल्या वर्षी ते डाव लावू नका आणि लावून घेऊ नका.

हे मी स्वतः भोगलंय. तालमीत पाठ टेकल्याशिवाय हार नसते, म्हणून सुरुवातीला टॅप करणं मला कमीपणाचं वाटायचं. मी डोकं खाली घालून पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, गेलो, समोरच्याने काखेत मान धरली, आणि मी सुटायची धडपड करत राहिलो. त्यानंतर तीन आठवडे गाडी चालवताना मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागायचं. दोन थापा मारल्या असत्या तर दुसऱ्या मिनिटाला पुन्हा उभा राहिलो असतो.

५. तिसरा आणि चौथा आठवडा: एकच ठेवण, आणि जुन्या सवयी मोडणं

उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा. पावलांत खांद्याएवढं अंतर, मागची टाच हलकी, गुडघे थोडे वाकलेले, हनुवटी खाली, मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांशी. वजन दोन्ही पायांवर सारखं.

वाचायला सोपं आहे, पण जो जिथून आला तिथली सवय घेऊन येतो. प्रत्येक सवय मूळ खेळात बरोबरच असते आणि इथे महागात पडते.

कुस्तीतून आलेल्यांची ठेवण खाली आणि रुंद असते, वजन पुढच्या पायावर आणि हात पकडीसाठी पुढे. अशा पायावर मांडीवर बसणारी लाथ अडवता येत नाही आणि मोकळ्या चेहऱ्यावर ठोसा सरळ येतो. कंबर चार बोटं वर घ्या, मुठी गालाशी आणा.

याहून खोल सवय जमिनीवर दिसते. चीत होऊ नये म्हणून पोटावर वळणं तालमीत अंगात भिनलेलं असतं. इथे पोटावर वळलात की समोरचा पाठीवर बसतो, दोन्ही पाय कमरेला अडकवतो आणि हात हनुवटीखाली सरकवतो. मानेच्या दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा दाबला गेला तर माणूस साधारण दहा सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून कुस्तीच्या मुलांना मी पहिला महिनाभर उलटं शिकवतो: पाठ टेकली तर टेकू दे, पण दोघांच्या मधे गुडघा आण, मग कुशीवर वळ, हात टेकव, उठ. त्यांना हे मनातून पटायलाच दोन आठवडे लागतात. तरीही हीच मुलं पुढे सर्वात चांगली निघतात, कारण पकडीची ताकद आणि तोल शिकवून लवकर येत नाही. त्यांच्याकडे तो आधीच असतो.

कराटेतून आलेल्यांचा एक हात ठोसा मारताना कमरेला जातो. तेवढ्या वेळात जबडा उघडा. ठोसा गालापासून निघून गालाशीच परत आला पाहिजे. आरशासमोर रोज ५० वेळा, सावकाश. तायक्वांदोवाल्यांचे हात खाली असतात आणि फिरून मारलेली लाथ चुकली की पाठ समोरच्याच्या हाती जाते. बॉक्सिंगवाले ठोसा चुकवायला कमरेतून खाली वाकतात, तिथे गुडघा येतो.

*तपासा:* जोडीदाराला दोन्ही खांद्यांवर चारी बाजूंनी हलके ढकलायला सांगा. पाऊल न उचलता किंवा एकच छोटं पाऊल टाकून सावरलात तर ठेवण बसली.

६. दुसरा महिना: एक सांधा, पूर्ण

इथे मुलं दहा डाव मागतात. एकच साखळी घ्या: दोन ठोसे, दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडणं), बाजूने ताबा, उठणं. तिचे तुकडे असे पाडा.

(१) डावा सरळ ठोसा, उजवा सरळ ठोसा. समोरच्याचे हात वर यायला हवेत. ते आले नाहीत तर पट काढायला जाऊ नका.

(२) उंची गुडघ्यांतून कमी करा, कमरेतून नाही. पुढचं पाऊल त्याच्या दोन पायांच्या मधे. या क्षणी एक हात गालाशी राहतो.

(३) कान त्याच्या बरगडीला, डोकं बाहेरच्या बाजूला, नजर वर. नजर जमिनीकडे गेली की मान काखेत सापडलीच समजा.

(४) दोन्ही हात गुडघ्यांच्या मागे. सरळ मागे रेटण्यापेक्षा डोक्याच्या बाजूने ढकलत तिरके चाला. तो सरळ रेट्याला तोलतो, तिरक्याला नाही.

(५) तो पडला की त्याच्या पायांमधे अडकून बसू नका. पाय ओलांडून बाजूला या, छाती त्याच्या छातीवर, तुमची कंबर खाली.

(६) तिथे तीन श्वास थांबा. मग सुरक्षित उठा, मुठी गालाशी.

पहिला आठवडा (१) ते (३) पर्यंतच. समोरचा हलत नाही, फक्त उभा. दुसऱ्या आठवड्यात तो मागे सरकतो. तिसऱ्यात तो मान धरायचा प्रयत्न करतो. चौथ्यात भिंतीजवळ, कारण भिंतीला टेकलेला माणूस पडत नाही आणि तिथे पाय एकत्र ओढून घ्यावे लागतात.

सर्वात जास्त चुका (१) आणि (२) च्या मधे होतात. ठोसा संपवून, क्षणभर थांबून मग मुलं खाली जातात. समोरच्याला तेवढा क्षण पुरतो. उजवा हात परत येतानाच गुडघे वाकायला लागले पाहिजेत. मोबाईलवर बाजूने चित्रीकरण करा आणि हळू चालवून बघा, ती थांबलेली जागा लगेच दिसते.

७. कातडी, कान आणि पावसाळा

बेळगाव-खानापूरच्या पावसात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर रॅशगार्ड घालून आलेला एक मुलगा अख्ख्या क्लासला नायटा देऊन जातो. दोन जोड ठेवा. प्रत्येक क्लासनंतर घरी पोचताच साबणाने आंघोळ. हँडरॅप धुऊन पंख्याखाली पसरा. ग्लोव्ह्ज गाडीच्या डिकीत ठेवू नका, उघडून आत वर्तमानपत्र कोंबा. टॉवेल कोणालाही देऊ नका.

गोल, कडेने लालसर, खाजणारा चट्टा दिसला की मॅट बंद. औषधाच्या दुकानातून कुठलीतरी ट्यूब आणू नका. बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पसरत जातो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, औषध सुरू करून किमान ७२ तास झाल्यावर आणि चट्टा झाकूनच परत या.

कान सुजून मऊ झाला तर त्यात रक्त साकळलेलं असतं. पैलवानी कान म्हणून मिरवायची घाई नको. दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडून काढून घेतलं तर कान पूर्ववत राहू शकतो. स्वतः सुई टोचू नका.

८. आठवड्याचं गणित

पहिले तीन महिने आठवड्याला तीन दिवस क्लास. तालीम सुरू असेल तर ती दोन दिवस. एक दिवस पूर्ण विश्रांती. जुलैत रोप लावणी असते, दिवसभर चिखलात वाकून कंबर गेलेली असते. त्या संध्याकाळी पट काढू नका, फक्त बॅग आणि ठेवणीचा सराव करा. आणि शेवटची बस गाठायची असेल तर सरांना आधी सांगा. घड्याळाकडे बघत केलेल्या शेवटच्या पाच मिनिटांत दुखापती होताना मी फार वेळा बघितलंय.

९. तिसरा महिना: आधी बांधलेलं स्पॅरिंग

मोकळ्या स्पॅरिंगच्या आधी चार आठवडे अटी घालून खेळा. एकाने फक्त सरळ ठोसे, दुसऱ्याने फक्त बचाव. एकाने पट काढायचा, दुसऱ्याने फक्त सुटायचं. एक खाली, एक वर, खालच्याने उठून उभं राहायचं. दोन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, चार फेऱ्या पुरे.

जोर किती, हे खेळायच्या आधी तोंडाने ठरवा. समोरच्याने वाढवला तर थांबून सांगा. ऐकलं नाही तर ग्लोव्ह्ज काढा. यात भित्रेपणा नाही.

*सावधान, डोक्याला मार:* मार लागल्यावर डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, दोन-दोन दिसणं, फेरी कितवी ते न आठवणं, यातलं एकही लक्षण दिसलं की त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही. तोंडावर पाणी मारून परत उभं करतात, ते अत्यंत चुकीचं आहे. त्याला एकट्याने गाडी चालवत घरी पाठवू नका. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून न उठणं, झटके आले तर थेट दवाखान्यात. बाकीच्यांनीही डॉक्टरांना दाखवावं, पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घ्यावी, मग चालणं, मग हलका व्यायाम. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय डोक्याला मार लागेल असं काहीच नाही.

मोकळं स्पॅरिंग मागायच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. अचानक ढकललं तर हात न टेकवता पडता येतं का? गेल्या महिन्यात दुखायच्या आधी टॅप केलं का? दमल्यावरही मुठी गालाशी परत येतात का? खाली अडकल्यावर पोटावर न वळता उठता येतं का? एकाचंही उत्तर "नाही" आलं तर त्या टप्प्यावर आणखी दोन आठवडे द्या.

पहिली मोकळी फेरी तुमच्यापेक्षा जुन्या, शांत खेळणाऱ्या आणि साधारण तुमच्याच वजनाच्या माणसाशी मागा. तुमच्यासारख्याच नव्याशी खेळू नका, दोघांनाही जोर आवरत नाही. फेरी संपल्यावर त्याला एवढंच विचारा, "मी कुठे सापडलो?" उत्तर वहीत लिहा, तारखेसकट. पुढच्या आठवड्यात त्याच जागेचा सराव करा.